परक्या मुलखांतील शाकान्न

परदेशीं जाणारा मनुष्य निघण्यापूर्वीं कपड्यांची, पैशांची व मुक्कामाची तरतूद करतो. परंतु ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मांस शिजलें नाहीं, त्याची खरी परीक्षा तेथील पहिल्या जेवणाच्या वेळीं होते. “तिकडे आपल्या लोकांचीं हॉटेलें पुष्कळ आहेत” एवढ्या आश्वासनावर घरचीं माणसें निश्चिंत होतात. हें आश्वासन खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे, हेंच श्रोत्यांच्या नजरेस आणावयाचें आहे.

या बाबतींत महात्मा गांधींचा अनुभव फार बोधप्रद आहे. ४ सप्टेंबर १८८८ रोजीं ते मुंबईहून विलायतेस निघाले, तेव्हां त्यांना एकोणीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याचें वचन त्यांनीं मातोश्रींस दिलें होतें. लंडनमध्यें सकाळच्या ओटाच्या लापशीनें पोट भरे. परंतु दुपारीं व रात्रीं पालक, पाव आणि मुरंबा यांवरच भागवावें लागे, आणि पावाचे दोन-तीन तुकडे संपल्यावर आणखी मागण्याची लाज वाटे. अखेर घरमालकिणीनें शहरांत शाकाहारी भोजनगृहें असल्याचें सांगितलें. मग रोज दहा-बारा मैल पायपीट करावी, एखाद्या स्वस्त खाणावळींत नुसता पाव खावा आणि पुन्हां शोधास लागावें, असा क्रम सुरू झाला. एके दिवशीं फॅरिंग्डन स्ट्रीटवर तसें भोजनगृह सांपडलें. विलायतेस आल्यापासून पोटभर जेवण त्यांना तेथेंच प्रथम मिळालें. तेथें विक्रीस ठेवलेलें हेन्री सॉल्ट यांचें शाकाहाराचा पुरस्कार करणारें पुस्तक त्यांनीं एक शिलिंग देऊन घेतलें. तें वाचल्यावर, जें व्रत आईसाठीं पाळलें जात होतें तें त्यांचें स्वतःचें झालें.

तें भोजनगृह भारतीय नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडांत शाकाहाराची चळवळ तेथल्याच लोकांनीं उभारली होती. तिची संस्था रॅम्सगेट येथें १८४७ सालीं स्थापन झाली. उलट, शेख दीन महंमद यांनीं १८१० सालीं लंडनमध्यें काढलेलें पहिलें भारतीय भोजनगृह कांहीं शाकाहाऱ्यांसाठीं नव्हतें. पुढें ब्रिटनभर ‘इंडियन’ या पाटीखालीं जीं उपाहारगृहें पसरलीं, त्यांपैकीं बरींच सिल्हेट प्रांतांतून आलेल्या बंगाली मुसलमानांनीं चालविलेलीं. तेथें डाळ व भाजी मिळते; परंतु स्वयंपाकाचा मुख्य भर मांसावर. तात्पर्य, ‘भारतीय’ आणि ‘शाकाहारी’ या दोन निरनिराळ्या पाट्या आहेत.

‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नाहीं. युरोपांत अंडें खाणारा मनुष्य स्वतःस खुशाल शाकाहारी म्हणवितो. गांधींपुढेंही हा पेंच पडला होता. आईच्या मनांतील ‘मांस’ या शब्दाचा जो अर्थ, तोच वचनास बंधनकारक, असें ठरवून त्यांनीं अंडीं वर्ज्य केलीं. आणि मग शाकाहारी भोजनगृहांतसुद्धां प्रत्येक पुडिंग व केक यांत अंडें आहे कीं काय, याची चौकशी करणें त्यांस प्राप्त झालें. आजच्या प्रवाशासही हीच चौकशी करावी लागते. जपानांत साध्या भाज्यांच्या सारांतही वाळलेल्या माशाचा अर्क असूं शकतो. थायलंडांत भाजीवर माशाचा रस शिंपडलेला असतो. युरोपांतील कित्येक चीजांत वासराच्या जठरांतील विरजण असतें. १९४४ सालीं इंग्लंडांत रूढ झालेला ‘व्हीगन’ हा शब्द येथें उपयोगी पडतो. तो उच्चारला म्हणजे मांस, मासे व अंडीं टळतात; मात्र दूध व तूपही जातें, आणि कांदा-लसूण राहतोच. तैवानांत ‘सु’ या चिनी अक्षराची पाटी असलेलें बौद्ध भोजनगृह शोधावें. विमानांत तर ‘हिंदू’ म्हणून मागविलेल्या ताटांत बहुधा गोमांस तेवढें नसतें, कोंबडी असूं शकते. म्हणून ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ असें स्पष्ट लिहून निदान एक दिवस आधीं कळवावें.

मनाजोगें शाकान्न बहुधा तेथें सांपडतें, जेथें तें खाणारीं कुटुंबें स्थायिक झालीं. १९७२ सालीं युगांडांतून ईदी अमीननें घालवून दिलेल्या आशियाई लोकांत गुजराती पुष्कळ होते. त्यांतील अनेकांनीं लेस्टर व लंडन येथें बस्तान बसविलें. म्हणून लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड आणि वेंब्लीचा ईलिंग रोड येथें फरसाणापासून थाळीपर्यंत सर्व मिळतें. यूस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी व डोसा यांचीं उपाहारगृहें आहेत. नीसडेनच्या स्वामिनारायण मंदिराजवळ कांदा-लसणावांचून केलेलें जेवण मिळतें. हौन्स्लो येथें तर २०१० सालीं दोघां मराठी मित्रांनीं वडापावाचें दुकान काढलें. परंतु भारतीयांच्याच आधारावर सर्व अवलंबून आहे असेंही नाहीं. स्वित्झर्लंडांतील झुरिक येथें १८९८ पासून चालत आलेलें हिल्टल नांवाचें शाकाहारी भोजनगृह आहे. त्या घराण्यांतील एक बाई १९५१ सालीं भारतास येऊन गेल्या, आणि तेव्हांपासून तेथील ताटांत भारतीय पदार्थही आले.

सारांश, परदेशीं जाणाऱ्या मुलामुलींस हॉटेलांची यादी देण्याबरोबर दोन गोष्टी अवश्य शिकवाव्या: वरणभात व एखादी भाजी करण्यापुरता स्वयंपाक, आणि संकोच न करतां विचारण्याची संवय. “आपण शाकाहारी आहांत काय?” या मोघम प्रश्नाचें उत्तर मोघमच मिळतें. “यांत अंडें आहे काय? सार कशाचें? तळण्याचें तेल वेगळें आहे काय?” असे प्रश्न विनयानें विचारले, तर चांगला आचारी रागावत नाहीं. तरुण गांधींना लंडनमध्यें जी उपासमार सोसावी लागली, तिचें अर्धें कारण अन्नाची उणीव होती आणि अर्धें मागण्याची लाज. पहिल्या कारणाचा बराचसा परिहार काळानें केला आहे. दुसऱ्याचा ज्याचा त्यानेंच करावयाचा आहे.