घरात कॉम्प्युटर आला, पण कुणाचा?

(मालवण तालुक्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षेप.)



आपल्या किनाऱ्यावर आता घराघरांत कॉम्प्युटर येऊ लागला आहे. तारकर्ली-देवबागला पाहुण्यांचं न्याहारी-निवास सांभाळणाऱ्या बायांना तो बुकिंगसाठी लागतो. बचत गटांना कोकम, आगळ, मसाल्याच्या हिशेबासाठी लागतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. अशा कामात चौकशा, फोटो, जमाखर्च हे सगळं आलंच. काम बाईचं, पुष्कळदा पैसेही तिचेच. पण खोका उघडतो कोण? मुलगा, भाचा, नाहीतर दुकानातला पोरगा. आपण "माका ह्यातला काय कळणा नाय" म्हणतो आणि चहा ठेवायला आत जातो. तेवढ्या वेळात तो कॉम्प्युटर कुणाचा, हे ठरून जातं. आज मला एवढंच सांगायचं आहे की तो पहिला तास सोडू नका.

जमिनीचं काय झालं ते आठवा. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, ती बायकोच्या नावावर जमीन व्हावी म्हणून. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. शेतात राबणं वेगळं आणि सातबाऱ्यावर नाव असणं वेगळं, हे आपण अनुभवाने शिकलो. कॉम्प्युटरलाही असाच एक सातबारा असतो.

पण त्याआधी विजेचं बघू. आपल्याकडे मे-जूनमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात विजा कडाडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात जिल्ह्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावं काही दिवस अंधारात राहिली. म्हणून कॉम्प्युटर जोडण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. वीज कमी-जास्त होते, तेव्हा स्पाइक गार्ड घ्या, जमल्यास यूपीएसही. ढग गडगडू लागले की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग ओढून काढा, इंटरनेटच्या राऊटरचाही. खारा वारा लोखंड खातो, तसाच आतल्या तारांनाही खातो. म्हणून कॉम्प्युटर खिडकीत किंवा जमिनीवर ठेवू नका आणि पावसाळ्यात महिनोन् महिने बंदही ठेवू नका.

आता त्या सातबाऱ्याकडे येते. विंडोजचा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला की खातं उघडायला सांगतो. जे खातं पहिलं उघडतं, ते कारभाऱ्याचं होतं. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. कोणता प्रोग्रॅम घालायचा, कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं हे तो ठरवतो. हे खातं आपल्या नावाने उघडा. मोबाइल नंबर विचारला तर स्वतःचा द्या. पासवर्ड विसरला की नवा करण्यासाठीचा आकडा त्याच नंबरवर येतो. म्हणजे नंबर भाच्याचा असेल तर किल्लीही भाच्याकडे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आजकालच्या बऱ्याच नव्या मशीनवर विंडोज ११ आतली माहिती आपोआप कुलूपबंद करते. मशीन बिघडलं, दुरुस्त केलं, तर कधीकधी ते ४८ आकडी किल्ली मागतं. ही किल्ली पहिल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. खातं भाच्याचं, भाचा मुंबईला, आणि त्याला पासवर्ड आठवत नाही, असं झालं तर गटाचा सगळा हिशेब आत अडकला. म्हणून पहिल्याच दिवशी आपल्या खात्यात जाऊन ती किल्ली वहीत उतरवा आणि वही कपाटात ठेवा.

पासवर्ड लग्नाची तारीख, मुलाचं नाव असा नको. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. मग घरातल्या इतरांसाठी वेगळी, साधी खाती काढा. रोजच्या कामाला स्वतःसाठीही साधंच खातं वापरा. चुकून काही वाईट आत आलं तरी त्याचे हात बांधलेले राहतात. सुरुवातीला ठावठिकाणा, जाहिराती यांबद्दल विचारतात, तिथे नको असेल ते नाकारा. इंटरनेट जोडल्यावर आधी सगळ्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, पूर्ण होऊ द्या. बँकेचं काम त्यानंतर.

जुना कॉम्प्युटर घेणार असाल तर विचारून घ्या. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. चोरीची प्रत टाकून दिलेली असेल तर ती घेऊ नका. आधीच्या मालकाचं सगळं पुसून कोरं करून घ्या. दुरून कॉम्प्युटर चालवता येईल असा एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम कुणी ठेवला आहे का, तेही पाहा. आपण मागितला नसेल तर तो काढून टाका.

कुणी म्हणेल, घरच्या माणसांपासून काय लपवायचं? आपल्या आज्यांच्या ट्रंकेला कुलूप असायचं, त्याला कुणी अविश्वास म्हटलं नाही. आपली कमाई, आपली पत्रं आपल्या ताब्यात असणं हा साधा हक्क आहे.

मात्र ज्या घरात मारहाण आहे तिथे हा सल्ला जसाच्या तसा देऊ नका. तिथल्या कॉम्प्युटरवर नवऱ्याची नजर आहे, असंच धरून चला. बाईने अचानक पासवर्ड बदलला तर संशय वाढून तिच्यावर हात उठू शकतो. तिने मदतीची माहिती त्या कॉम्प्युटरवर शोधू नये. मैत्रिणीच्या फोनवरून किंवा गटाच्या जागेतून शोधावी. महिला हेल्पलाइन १८१ आहे, इंटरनेटवरच्या फसवणुकीसाठी १९३०. आणि लक्षात ठेवा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही छळ मानला आहे. जे वापरण्याचा तिला हक्क आहे, ते वापरू न देणं त्यात येतं.

माझी सूचना अशी. ज्या गटात नवा कॉम्प्युटर येणार असेल, तिथे तिघींनी मिळून खोका उघडावा. एकीने पडद्यावरचं मोठ्याने वाचायचं, एकीने कळ दाबायची, एकीने वहीत लिहायचं. मुलगा-भाचा जवळ बसू दे, अडलं तर सांगू दे, पण त्याचा हात कळफलकावर नको. वेळ लागेल, लागू दे. चहा त्या दिवशी भाच्याने ठेवावा.