सब्जा, मोरपीस आणि रक्तातील साखर
(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात आपण सब्जा टाकतो. कोरडे काळे बी पाणी पिऊन फुगते, त्याभोवती पारदर्शक गर धरतो. असे पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थाला रसायनशास्त्रात हायड्रोजेल म्हणतात. आज त्याविषयी बोलण्यास घरचेच कारण आहे. माझ्या भाचीला नवव्या वर्षी मधुमेह झाला. इन्सुलिन किती द्यायचे हे ठरविण्यासाठी माझी बहीण दिवसातून चार वेळा तिचे बोट टोचते. "आता कोणते बोट, अम्मी?" असे पोर विचारते, तेव्हा आम्ही मोठी माणसे दुसरीकडे पाहतो.

न टोचता साखर कळेल काय?

आपल्या पाटोदा तालुक्यात नायगावला मयूर अभयारण्य आहे. मोरपिसात निळा रंग असा भरलेला नसतोच. पिसातील अतिसूक्ष्म काड्या ठरावीक अंतरावर असतात आणि त्या अंतराप्रमाणे प्रकाशातील एखादा रंग परत फिरतो. १९९७ साली अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात होल्ट्झ आणि अ‍ॅशर यांनी हायड्रोजेलमध्ये असेच सूक्ष्म मणी समान अंतरावर बसविले. साखर आली की गर फुगे, मण्यांतील अंतर वाढे आणि रंग तांबड्याकडे सरके. मात्र खाऱ्या द्रवात तो गर नीट फुगेना, आणि रक्त तर खारट!

दुसरी वाट चकाकीची. २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'एव्हरसेन्स' नावाच्या उपकरणास मान्यता दिली. डॉक्टर दंडाच्या कातडीखाली एक लहानशी कांडी बसवितात. तिच्यावर हायड्रोजेलचा थर असतो. आतला दिवा लागला की साखरेच्या प्रमाणात तो थर चकाकतो आणि आकडा मोबाइलवर दिसतो. प्रथम ती ९० दिवस चाले. २०२४ मध्ये वर्षभर चालणारी मान्य झाली. तरी अधूनमधून बोट टोचून ताळा घ्यावाच लागतो. शिवाय ही मान्यता अठरा वर्षांवरील रुग्णांसाठी होती. भाची त्यात बसत नाही.

तेव्हा पालकांनो, मुलाला फार तहान लागत असेल, वारंवार लघवी होत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. टोचण्याला भिऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर दोन पेले घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात मिठाचे. दोन्हींत चमचाभर सब्जा टाका आणि अर्ध्या तासाने कोणता किती फुगला ते मोजून वहीत लिहा. सोमवारी वही पाहीन.