पदकांच्या मधली वर्षे



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहून टेनिसवर बोलावे, हे काहींना खटकेल. खटकू द्या. माझा खरा विषय चरित्रलेखनाचा आहे, आणि व्यावसायिक टेनिस खेळणारी मराठी स्त्री हे त्यातले आपण फार वाईट हाताळलेले प्रकरण आहे. इथून जवळच नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागणिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दिले, हे त्यात आकड्यांनिशी कोरलेले आहे. राजघराण्याचे वैभव सांगतानाही कोरणाऱ्याने नुसत्या विशेषणांवर भागवले नाही. आपण मात्र खेळाडू मुलीबद्दल लिहायला बसलो की जिद्द, चिकाटी आणि ‘सुवर्णकन्या’ एवढ्यावर मोकळे होतो. पदक ही कारकिर्दीतली एक तारीख असते. तिच्या अलीकडची-पलीकडची वर्षे लिहायची तर क्रमवारीचा आणि पैशाचा हिशेब मांडावाच लागतो, तो टाळला की चरित्राचा सत्कारसमारंभ होतो, असे माझे म्हणणे आहे.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचे उदाहरण घ्या. 2014 साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झाच्या जोडीने तिने महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवले. 2016 मध्ये याच जोडीने रिओ ऑलिंपिकमध्ये खेळताना चीनच्या झांग शुआई आणि पेंग शुआई यांच्याशी तीन सेट झुंज दिली आणि पहिल्याच फेरीत हार पत्करली. एप्रिल 2025 मध्ये बिली जीन किंग करंडकाचे आशिया-ओशनिया गटाचे सामने पुण्यात झाले, भारत पुढच्या फेरीसाठी पात्र ठरला, आणि त्या संघात प्रार्थना होतीच. इंचॉन ते पुणे, अकरा वर्षे. खेळाडूच्या आयुष्यात हा काळ लहान नव्हे. या काळात ती कुठे खेळली, कुणाबरोबर खेळली, कशावर जगली, हे मराठी वाचकाला कोण सांगणार? दुहेरीच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघींच्या क्रमवारीची बेरीज पाहून. म्हणजे जोडीदार आजारी पडली किंवा तिने दुसरी सोबतीण निवडली, तर आपला काहीही दोष नसताना आठवडा हातचा जातो. अशा परावलंबनात अकरा वर्षे टिकून राहणे हीच मोठी कथा आहे, आणि तिच्यात एकही पदक नसले तरी चालेल.

टेनिसचा संसार आठवड्यांवर चालतो. एखाद्या स्पर्धेत मिळवलेले गुण 52 आठवडे खात्यावर राहतात आणि मग गळून पडतात. गेल्या वर्षी जिंकलेले यंदा पुन्हा जिंकले नाही, तर मागे न सरकण्यासाठी दुसरीकडून तेवढे गुण आणावे लागतात. दुखापत झाली तरी कॅलेंडर थांबत नाही. तळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एकूण बक्षीस 15,000 डॉलरचे. ते एकेरीच्या 32 जणी आणि दुहेरीच्या 16 जोड्या यांच्यात वाटले जाते, आणि पहिल्याच फेरीत हरलेल्या एकेरीच्या खेळाडूच्या हाती दोनशे डॉलरही पडत नाहीत. विमानभाडे, मुक्काम, रॅकेटच्या तारा, फिजिओ हे सगळे तिने त्यातून भागवायचे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 सालच्या आकड्यांवरून केलेल्या पाहणीत असे दिसले की, प्रशिक्षकाचा खर्च न धरतासुद्धा बक्षिसातून आपला खर्च भागवू शकणाऱ्या स्त्रिया जगभरात जेमतेम अडीचशे होत्या. विम्बल्डनने 2007 पासून स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण त्या बातमीच्या झगमगाटात ही खालची पायरी कुणाला दिसली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: टेनिस हा श्रीमंतांचा खेळ, त्याच्या हिशेबाचे आम्हाला काय? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. 1934 साली विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव. तिची आई पंडिता क्षमा राव. शंकर पांडुरंग पंडित या संस्कृत पंडितांची ही कन्या स्वतः टेनिस खेळे आणि संस्कृतात तुकाराम-रामदासांची चरित्रे रची. 1968 पर्यंत विम्बल्डनची दारे व्यावसायिकांना बंद होती, म्हणजे घरी सुबत्ता असेल तिनेच खेळावे असा अलिखित नियम. लीला रावांच्या चरित्रात पैशाचा प्रश्न आला नाही तर समजू शकते. आजच्या मुलीला खेळ हीच नोकरी आहे. नोकरीचे चरित्र पगाराचा उल्लेख न करता कसे लिहिणार? गिरणी कामगारावर लिहिणाऱ्याला आपण ही सूट दिली नाही.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येतो. आकड्यांनी ललित लेखन कोरडे होते, माणूस हरवतो, असे म्हणतात. मला उलट दिसते. या आठवड्याला प्रशिक्षकाला बरोबर न्यायचे की आणखी दोन स्पर्धा खेळायच्या, दुखऱ्या खांद्यावर उपचार घ्यायचे की गुण वाचवायला कोर्टवर उतरायचे, या निर्णयांत माणूस जितका उघडा पडतो तितका विजयमंचावर पडत नाही. आकडा माहीत नसेल तर तो निर्णय कठीण का होता, हेच वाचकाला कळत नाही. मग लेखकाला विशेषणे उसनी आणावी लागतात.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: खेळाडूचा जमाखर्च ही तिची खासगी बाब, लेखकाने त्यात का डोकवावे? तिने सांगितल्याखेरीज डोकावू नये, हे मान्य. पण बक्षिसाच्या रकमा, क्रमवारी, स्पर्धांची गावे हे सारे उघड असते, आणि तेवढ्यावरही पुष्कळ लिहिता येते. पुण्याच्या ऋतुजा भोसलेचेच पाहा. 30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने आणि रोहन बोपण्णाने पहिला सेट 2-6 असा गमावून चिनी तैपेईच्या जोडीला 6-3, 10-4 असे हरवले आणि मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले. त्या दिवशी सगळ्यांनी लिहिले. पण त्याआधी ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळली होती, ही ओळ बहुतेक ठिकाणी माहितीच्या चौकटीत गेली. मला तीच ओळ महत्त्वाची वाटते. सतरा-अठराव्या वर्षी थेट व्यावसायिक स्पर्धांत उतरायचे, की पदवी आणि नियमित सामने एकत्र देणाऱ्या विद्यापीठात जायचे? पहिल्या वाटेवर क्रमवारी लवकर सुरू होते आणि घरचे पैसेही लवकर संपतात. दुसऱ्या वाटेवर काही वर्षे मागे पडतात, पण हाती शिक्षण उरते. बार्शीत, श्रीरामपुरात, जुन्नरमध्ये बारा वर्षांच्या मुलीला रॅकेट घेऊन देणाऱ्या आईबापांना हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे, आणि त्या वेळी मराठीत वाचायला त्यांच्यापुढे फक्त सुवर्णपदकाच्या बातम्या असतील.