मंत्रिपद आणि मतदाराची संमती

खासदाराने मंत्रिपद स्वीकारले की त्याची जागा आपोआप रिकामी होई आणि मतदारांनी पुन्हा निवडून दिले तरच त्याला सभागृहात परतता येई, असा नियम ब्रिटनमध्ये दोनशेहून अधिक वर्षे होता. राजा पगारी पदे वाटून खासदारांना आपल्याकडे वळवतो, ही तेव्हाची भीती होती आणि ती खरीही होती. म्हणून राजाचे पगारी पद घेणाऱ्याला कॉमन्स सभागृहात बसण्यास सरसकट मनाई करण्याची तरतूद १७०१ च्या कायद्यात झाली. ती अमलात आली असती तर मंत्री सभागृहाबाहेरच राहिले असते. मग त्यांना जाब विचारायचा कोणी? त्यामुळे अंमल होण्यापूर्वीच ती मागे घेतली गेली आणि मधला मार्ग निघाला. पद जरूर घ्यावे, पण ज्यांनी निवडून दिले त्यांची संमती पुन्हा घ्यावी.

हा नियम नुसता कागदावर नव्हता. १९०८ मध्ये विन्स्टन चर्चिल प्रथमच मंत्रिमंडळात गेले आणि मँचेस्टरच्या मतदारांनी पोटनिवडणुकीत त्यांना पाडले. डंडीतून निवडून येऊन त्यांना संसद गाठावी लागली. चार्ल्स मास्टरमन यांच्या वाट्याला याहून वाईट आले. राष्ट्रीय विमा योजनेच्या उभारणीत राबलेला हा माणूस १९१४ मध्ये मंत्रिमंडळात गेला, दोन मतदारसंघांत लागोपाठ हरला आणि पुढच्या वर्षी त्याला पद सोडावे लागले. तोवर मंत्री हे राजाचे नव्हे, तर बहुमतातल्या पक्षाचे झाले होते. आपला पक्ष जिंकला तर आपला खासदार मंत्री होऊ शकतो, हे मतदाराला मत देतानाच ठाऊक असे. १९१९ मध्ये नियम सैल झाला, १९२६ मध्ये तो रद्द झाला. माझ्या मते ते योग्यच झाले.

मात्र एका बाबतीत ती जुनी भीती आजही जशीच्या तशी खरी आहे. जो सदस्य सरकारच्या विरोधात मते मागून निवडून आला आणि त्याच सरकारात मंत्री झाला, त्याला त्या कामासाठी मतदारांनी पाठवलेलेच नसते. आपल्या राज्यघटनेनेही हे मान्य केले आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार पक्षांतरामुळे अपात्र ठरलेला सदस्य पुन्हा निवडून येईपर्यंत, किंवा त्याच्या सदस्यत्वाची मूळ मुदत संपेपर्यंत, मंत्री होऊ शकत नाही. म्हणजे जुन्या ब्रिटिश नियमातला सकस भाग आपण जपला. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की तिथे जागा आपोआप जाई. इथे सभागृहाच्या अध्यक्षांना अपात्रतेचा निर्णय द्यावा लागतो आणि घटनेच्या पक्षांतरबंदीविषयीच्या दहाव्या अनुसूचीत त्यासाठी मुदत नाही.

मणिपूरमध्ये काय घडले ते पाहा. थौनाओजाम श्यामकुमार २०१७ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले आणि लगेच भाजपच्या सरकारात मंत्री झाले. त्यांच्या अपात्रतेचे अर्ज अध्यक्षांकडे तसेच पडून राहिले. अखेर मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मंत्रिमंडळातून दूर केले. तीन वर्षे त्यांनी मंत्रिपद सांभाळले आणि त्या तीन वर्षांत मतदारांना कोणी काही विचारले नाही. महाराष्ट्रात शिवसेनेतील फूट जून २०२२ ची, अपात्रतेच्या अर्जांवरचा अध्यक्षांचा निर्णय जानेवारी २०२४ चा. त्या निर्णयात कोणीच अपात्र ठरले नाही. निर्णय बरोबर की चूक, या वादात मी शिरत नाही. माझा आक्षेप त्याला लागलेल्या वेळाला आहे.

पक्षांतर करणाऱ्यांना पुन्हा मतदारांसमोर पाठवले, तर पोटनिवडणुकांनी खर्च वाढतो आणि सरकार अस्थिर होते, असे म्हटले जाते. कर्नाटकात २०१९ मध्ये राजीनामे देऊन अपात्र ठरलेल्या आमदारांच्या पंधरा जागांवर पोटनिवडणुका झाल्या. भाजपने बारा जिंकल्या आणि निवडून आलेल्या दहा जणांना नंतर मंत्रिपद मिळाले. त्यांचे पक्षांतर मला पटत नाही, पण निदान त्यांना मतदारांसमोर जावे लागले, आणि सरकार त्यातून बळकटच झाले. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अख्खा गटच आपण मूळ पक्ष असल्याचे सांगू लागला, तर पक्षांतर केले कोणी? हे लवकर ठरणार नाही, हे मान्य. पण ते ठरण्याआधीच एका बाजूला मंत्रिपदे मिळाली, तर निकाल लांबवण्यात तिचाच फायदा असतो. म्हणून अपात्रतेचा अर्ज दाखल झालेल्या सदस्याला निकालापर्यंत शपथ देऊ नये आणि निकाल तीन महिन्यांत लागावा. सर्वसाधारणपणे तीन महिने ही मर्यादा मणिपूरच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितली आहे. विरोधक खोटे अर्ज करून अडवतील, ही शंका रास्त आहे. तरी खोट्या अर्जाने एखाद्याची शपथ फार तर तीन महिने लांबेल. मुदत घटनेतच लिहावी आणि हा निवाडा, त्याच न्यायालयाने सुचवल्याप्रमाणे, अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे सोपवावा.