तुरुंग आधीं, न्याय मागाहून



निरपराधांचे बळी घेणाऱ्या दहशतवाद्यास शिक्षा झालीच पाहिजे. पण संशयित म्हणजे गुन्हेगार नव्हे. १९६७ च्या बेकायदा कृत्यें प्रतिबंधक कायद्यास २००८ सालीं कडक कलमें जोडलीं. आतां कोर्टाच्या परवानगीनें माणूस आरोपपत्राशिवाय १८० दिवस कोठडींत राहूं शकतो. आणि पोलिसांचे कागद सकृद्दर्शनीं खरे वाटले, तर जामीन नाहीं.

झारखंडांत आदिवासींच्या जमिनीसाठीं झटणारे फादर स्टॅन स्वामी यांस भीमा-कोरेगांव खटल्यांत ऑक्टोबर २०२० मध्यें धरलें. वय ८३, कंपवातामुळें हातांत पेलाहि ठरेना. ५ जुलै २०२१ रोजीं ते कैदेंतच मुंबईच्या इस्पितळांत वारले. तोंवर साक्षीपुराव्यास सुरुवातहि नव्हती. मग शिक्षा कसली भोगली?

चोराच्या भीतीनें आपण दाराला आंतून कडी घालतों. बाहेरून कुलूप लावून किल्ली शिपायाला देत नाहीं.

गांवांत कोणी धरला गेला, तर "तसाच असेल" म्हणूं नका. कारण सांगितलें काय, वकील भेटूं दिला काय, २४ तासांत न्यायाधीशापुढें नेलें काय, हें विचारा. राज्यघटनेच्या २२ व्या कलमानें हे हक्क दिले आहेत. कायदा आपण निवडलेल्यांनींच केला. जाबहि आपणच विचारावा.