हुतूतूचा दम

हिवाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी वसमत किंवा कळमनुरीकडच्या खेड्यात गेलात तर शाळेमागे पोरांचा गलका ऐकू येईल. आपल्या हिंगोली जिल्ह्यातली काळी जमीन पावसात पायाला चिकटते आणि उन्हात भेगाळते. म्हणून पोरे मुरूम पसरतात, फक्कीने आणि फक्की नसली तर राखेने रेघा आखतात, की झाले मैदान तयार. ना चेंडू, ना बॅट. लागतो तो फक्त छातीत दम.

हा खेळ आपल्या वाडवडिलांचा हुतूतू. बंगालात त्याला हाडुडू म्हणत, तेलुगू मुलखात चेडुगुडू. प्रत्येक मुलखाचे नाव निराळे, कायदे निराळे. देशभर एक खेळ करायचा, तर कोणीतरी काही सोडायलाच हवे होते. आपण हुतूतू हे नाव सोडले आणि कबड्डी हे नाव घेतले. संजीवनी, गामिनी आणि अमर असे खेळाचे तीन प्रकार होते. त्यांतला बाद गड्याला पुन्हा जिवंत करणारा संजीवनी राहिला, बाकीचे दोन मागे पडले. हा त्याग वाया गेला असे कोण म्हणेल? 1990 साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला आणि सुवर्णपदक भारतानेच आणले.

पुढे 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. खेडुताच्या पोराला खेळावर पैसा मिळू लागला, आयाबाया घरोघरी दूरदर्शन संचापुढे बसून चढाया मोजू लागल्या. ही गोष्ट लहान नव्हे. पण तिची किंमतही पाहू या.

पहिली किंमत दमाची. पूर्वी चढाई चाले ती दम असेतोवर. श्वास हेच घड्याळ. आता चढाईला 30 सेकंद. शिवाय दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणलाच पाहिजे, नाहीतर चढाई करणारा बाद. खेळ वेगवान झाला खरा. दम अजून नियमपुस्तकात आहे, पण कर्ण्यांच्या गोंगाटात तो ऐकतो कोण? सारे डोळे घड्याळाकडे.

दुसरी किंमत मातीची. मॅटवर खरचटणे कमी, पावसाची भीती नाही, हे कबूल. परंतु मातीत पाय घसरतो, मॅटवर तो जागच्या जागी थांबतो. मुरमावर तयार झालेला आपला गडी निवडीच्या वेळी पहिल्यांदाच मॅटवर बूट घालून उभा राहिला, तर त्याच्या पायाचा अंदाजच चुकतो. ज्या खेळाला एक पैसा लागत नव्हता, त्याच्या दारात आता खर्च उभा आहे.

आणि जग तर शिकतेच आहे. 2018 साली जाकार्तात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य सामन्यात आणि मुलींना अंतिम सामन्यात हरवले. 2023 साली हांगझोऊत आपण दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली. खेळ पसरला की मक्तेदारी जाते. त्याचे दुःख करू नये, उलट अभिमान धरावा.

मग सोडावे काय आणि राखावे काय? माझे म्हणणे साधे आहे. नाव बदलले, कपडे बदलले, दिवे लागले, तरी चालेल. पण हा खेळ गरिबाच्या पोराला फुकट खेळता येतो, हा त्याचा प्राण आहे. तो गेला तर टाळ्या उरतील आणि गडी संपतील. म्हणून तालुक्याच्या गावी एक मॅट असावी, आणि आठवड्यातून एक दिवस ती खेड्यांतल्या पोरापोरींसाठी मोकळी असावी. बाकीचे सहा दिवस त्यांनी आपल्या मुरमावरच खेळावे.

तुमच्या गावी शाळेमागची जागा अजून मोकळी असेल, तर ती तशीच राहू द्या. तिथे उकिरडा होऊ देऊ नका, दुकानांचे गाळे उठू देऊ नका. खेळाचा मोठेपणा दूरदर्शनवर दिसतो, पण तो जन्मतो त्या जागेत.