दोन सड, तीन पिल्लं

आम्ही घाटंजी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आमच्या गटात जवळपास प्रत्येकीच्या दारात दोन-चार बकऱ्या आहेत. कापसाचे पैसे घरात कधी येतात आणि कधी जातात ते आपल्याला विचारून होत नाही, पण बकरीचा पैसा बाईच्या हातात राहतो. पोराची फी, दवाखाना, कधी बियाण्याची थैलीसुद्धा त्यातूनच निघते. म्हणून एक पिल्लू गेलं तर ते नुसतं पिल्लू जात नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्यातल्या एकीची बकरी रात्री व्याली. तीन पिल्लं झाली. सगळ्यांनी कौतुक केलं, हळद-कुंकू लावलं आणि झोपायला गेलो. दोन पिल्लं उभी राहून लुचत होती. तिसरी पाट जरा बारीक होती. आम्ही म्हटलं, पिईल आपोआप. सकाळी ती भिंतीला लागून गार पडलेली सापडली. रात्रभर ओरडली असती तर कोणी उठलंही असतं. पण अशक्त पिल्लू ओरडत नाही, गप्प बसतं, आणि आपल्याला वाटतं गुणाचं आहे.

बकरीला सड दोनच असतात, हे आपल्याला काय कोणी सांगायचं! तरी तीन पिल्लं झाली की आपण हा हिशोब विसरतो. दोन धट्टीकट्टी दोन्ही सड धरून बसतात आणि तिसऱ्याला ढुशा मिळतात. त्या रात्रीपासून आम्ही पहिल्या तासाला जपतो.

पिल्लू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, गोणपाटाने अंग खसाखसा चोळून कोरडं करायचं. बकरी चाटत असेल तर तिला चाटू द्यायचं, त्यातूनच ती पिल्लाला ओळखते. नाळेच्या टोकाला टिंक्चर आयोडिन लावायचं, शेण-राख नको. मग कास धुऊन दोन्ही सडांची पहिली धार काढून टाकायची. सडाच्या तोंडाशी कधी घट्ट गुठळी बसलेली असते, आणि अशक्त पिल्लाच्या ओढण्यात ती फोडायची ताकद नसते.

आता चीक. माणसाच्या बाळाला आईच्या पोटातच रोगाशी लढायची थोडी ताकद मिळते, बकरीच्या पिल्लाला ती मिळत नाही. त्याला ती चिकातूनच घ्यावी लागते, आणि त्याचं आतडं ती पहिले काही तासच नीट शोषून घेतं. एक दिवस उलटला की चीक पाजूनही तो उपयोग होत नाही. म्हणून पहिला घोट तासाभरात पोटात गेला पाहिजे. वजनाच्या निदान दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात जायला हवा. म्हणजे दीड किलोच्या पिल्लाला दीडशे मिली, तोही चार-पाच वेळा थोडा थोडा करून. आम्ही पिल्लं किराणा दुकानाच्या काट्यावर तोलतो. दुकानदार आधी हसायचा, आता स्वतःच पिशवी पुढे करतो.

पाजायची पाळी आली की धट्टी दोन डालग्याखाली झाकायची आणि बारकीला आधी सडाला लावायचं. ती ओढत नसेल तर चीक वाटीत पिळून बाटलीने द्यायचा. पिल्लू उभंच धरायचं. मांडीवर उताणं घेऊन पाजायची आपल्याला सवय असते, पण तसं केलं की दूध छातीत जातं. बकरीला चीक कमी असेल तर शेजारच्या ताज्या व्यालेल्या बकरीचा किंवा गाईचा चालतो. कोमट करायचा तो गरम पाण्यात वाटी ठेवून. चुलीवर ठेवला तर त्याचा खरवस होतो, म्हणजे जे वाचवायला निघालो तेच शिजून जातं.

पाजण्याआधी पिल्लाच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं तर दूध देऊ नका, आधी ऊब द्या. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवा, वरून गोणपाट टाका. शेकोटीजवळ मात्र नको. एका बाईच्या पिल्लाचं कातडं भाजलं होतं, आणि धूर फुप्फुसाला बाधतो ते वेगळंच. पिल्लू जन्मून पाच-सहा तास होऊन गेले असतील, ते गार पडलं असेल आणि मान टाकत असेल, तर घरी खटपट करत बसू नका. त्याच्या रक्तातली साखर संपलेली असते, आणि ती न भरता नुसती ऊब दिली तर झटके येऊ शकतात. पशुवैद्यकाला बोलवा. 1962 हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फुकट नंबर आहे. आम्ही तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला उशिरा कळली. अशक्त पिल्लाची सुरुवात आधीच झालेली असते. बकरी पाच महिने गाभण असते आणि पोटातलं पिल्लू शेवटच्या दीड महिन्यातच सगळ्यात जास्त वाढतं. नेमकं तेव्हाच आपण वेचणीला शेतात असतो आणि बकरी धुऱ्यावर मिळेल ते खाते. त्या दिवसांत तुरीची चुरी, थोडी सरकी ढेप, असं पावभर तरी तिच्यापुढे टाका. पोट जास्त मोठं दिसत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

गेल्या मार्गशीर्षात त्याच बकरीला पुन्हा तीन झाली. या वेळी पाळ्या लावून आम्ही चार जणी रात्रभर जागलो. सगळ्यात बारकी पाट सव्वा किलोची होती. ती आता गाभण आहे, आणि तिची मालकीण रोज संध्याकाळी तिचं पोट चाचपून एक आहे की दोन याचा अंदाज घेत असते. तिसरं नको गं बाई, असंही म्हणते, पण जुनं गोणपाट धुऊन वाळवून माळ्यावर ठेवलेलं आहे.